नंदीबैलाची जीप

गाड्या नुकत्याच आल्या होत्या आणि कोल्हे आधीपासूनच होते, त्या काळची गोष्ट. कोल्होबांनी पुरात बुडालेली एक जीप लिलावात काढली.

"घेता का?" त्यांनी विचारलं. प्रश्न ऐकला की मान हलवायची, एवढंच शिकलेल्या नंदीबैलाने मान हलवली.

"बोली वाढवता?" नंदीने पुन्हा हलवली. बोली लावणारा दुसरा कोणी नव्हताच.

नंदीचा वर्षभराचा कडबा गेला आणि जीप गळ्यात पडली. ती काही केल्या सुरू होईना, म्हणून तो स्वतःच तिला ओढत घरी निघाला.

वाटेत रेडा भेटला. "काय नंदीराव, जीप झकास चालते ना?"

धापा टाकत नंदीने मान हलवली.

रेडा घरचा कडबा उचलून लिलावाकडे पळत सुटला.