रणधीरचा दंड आणि सगुणाची झांज

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक शाळा होती. तिच्या घंटेला तडा गेला होता आणि पटांगणाला कुंपण नव्हते. परंतु तिचा बँड पंचक्रोशीत नावाजलेला होता. बँड शिकवीत ते शिंत्रे मास्तर. त्यांची उमेदीची वर्षे लष्करी बँडमध्ये गेली होती. निवृत्तीनंतर भाजी आणावयास निघाले तरी ते डावे पाऊल आधी टाकीत.

बँडच्या अग्रभागी पितळी मुठीचा दंड घेऊन एक विद्यार्थी चालत असे. त्याने दंड उचलला की बँड सुरू व्हावा, आडवा धरला की थांबावा, असा शिरस्ता होता. त्या विद्यार्थ्यास बँडनायक म्हणत. यंदा ही जागा रिकामी झाली. प्रजासत्ताक दिनी तालुक्याच्या संचलनात बँडपुढे कोणी चालावे, हे ठरविण्यासाठी मास्तरांनी चाचणी जाहीर केली. नववीतल्या दोघांनी नावे दिली. एक रणधीर, दुसरी तस्नीम.

रणधीर तीन वर्षे शेवटच्या रांगेत मोठा ढोल वाजवीत आला होता. शेवटच्या रांगेतून माणसाला केवळ इतरांच्या पाठी दिसतात. एकदा तरी आपल्यासमोर मोकळा रस्ता असावा आणि सगळा बँड आपल्या मागे असावा, या एका इच्छेने त्याला पुरते घेरले होते.

चाचणीला महिना उरला असताना गावात गालगुंडांची साथ आली. मुलांचे गाल पुरीसारखे फुगले. तीन आठवडे शाळा बंद ठेवण्याचा निर्णय झाला. मुले वाद्ये घरी घेऊन गेली, आणि सराव फोनवरून करावयाचा ठरला. ढोल, ताशे व झांज यांचा गट मास्तरांनी रणधीरकडे सोपविला. बासऱ्या आणि बिगुल तस्नीमकडे.

"ज्यांचे गाल सुजले आहेत, त्यांनी बासरीवर केवळ बोटे फिरवावीत," मास्तरांनी कळविले. "फुंकर सरकारजमा समजावी."

तस्नीमने आपल्या गटाला पहिल्याच दिवशी सांगितले, "फोनवर मला कुणाचा ताल बरोबर आणि कुणाचा चुकीचा, ते कळत नाही. तुम्ही घरी पाय आपटत वाजवा आणि रेकॉर्डिंग पाठवा. मी ऐकून सांगेन." रणधीरला ही पद्धत अगदीच मिळमिळीत वाटली. नायकाने समोर उभे राहून चूक तिथल्या तिथे पकडली पाहिजे, असे त्याचे मत होते. तो सायंकाळी सर्वांना एकाच वेळी फोनवर घेई, झाडूचा दांडा दंडासारखा नाचवी आणि मोठ्याने मोजणी करी.

"पंखा फिरतो आहे तेवढा पुरे," आई स्वयंपाकघरातून म्हणे. "तू आणखी काठी फिरवू नकोस."

झांज वाजविणारी सगुणा झोरे सातवीत होती. ती पठारावरच्या वाडीत राहत असे. तिथे घरात फोन लागत नसे. म्हणून ती झांज घेऊन पाण्याच्या टाकीपाशी जाई आणि तिथे पावले टाकीत वाजवी. पहिल्या दिवशी झांज वाजताच वाडीतल्या शेळ्या उधळल्या. आठव्या दिवशी त्यांनी मान वर करणेही सोडून दिले.

झांजेचा नियम सोपा होता. डावे पाऊल पडेल त्याच क्षणी ती वाजावी. सगुणा अचूक वाजवीत असे. परंतु रणधीरची मोजणी वाडीपर्यंत पोहोचावयास क्षणभर उशीर लागे, आणि तिच्या झांजेचा नाद त्याच्याकडे परत यावयास आणखी एक क्षण. गावातल्या मुलांचा आवाज लवकर येई. त्यामुळे रणधीरच्या कानी सगळ्यांच्या मागे एकटी झांज फरफटत असे.

"सगुणा, झोपलीस काय? सगळे पुढे गेले आणि तू मागे!"

"दादा, मी टायमातच वाजवतेय. हितं रेंज कमी हाय. आवाज उशिरा येत आसंल."

"नाचता येईना, अंगण वाकडे!" रणधीर म्हणाला. बाकीची मुले खो खो हसली. "सगळ्यांचा आवाज वेळेवर येतो, तुझाच तेवढा रस्ता चुकतो काय? थोडे आधी वाजव."

सगुणाने थोडे आधी वाजविले.

"अजून आधी. अजून. हं, आता कसे झाले! आता अशीच वाजवत राहा."

सगुणा तशीच वाजवीत राहिली. प्रथम तिला पाऊल आणि हात यांची फारकत झाल्यासारखे वाटे. चालताना मन अडखळे. पण सराव ही मोठी हट्टी गोष्ट आहे. ती खऱ्यालाही मुरते आणि खोट्यालाही मुरते. पंधरा दिवसांत सगुणाच्या हाताला पावलाच्या आधी वाजण्याची सवय जडली, आणि रणधीर मास्तरांना अभिमानाने सांगू लागला, "सर, झांज मागे पडत होती. मी सुधारून घेतली."

साथ ओसरली. शाळा उघडली. दुसऱ्याच दिवशी पटांगणावर चाचणी ठेवली गेली. मुख्याध्यापिका बाई खुर्चीवर बसल्या, मास्तर शिट्टी गळ्यात अडकवून उभे राहिले. गावातले रिकामटेकडेही कुंपण नसल्याचा लाभ घेऊन जमले.

पहिली पाळी रणधीरची होती. त्याने दंड उंच उडविला, फिरत्या दंडाची मूठ अचूक झेलली आणि पाऊल टाकले. मागून बँड निघाला. त्याच्यापुढे मोकळे पटांगण होते. दहा पावले त्याला आपण जमिनीवर आहोत असे वाटलेच नाही.

मग मागून झांज ऐकू आली. ती पावलाच्या आधी वाजत होती. येथे मध्ये फोन नव्हता, वाडी नव्हती. झांज त्याच्या कानापासून चार हातांवर होती. झांजेवर पाऊल टाकण्याची सवय असलेली लहान मुले गोंधळली. कोणी डाव्याचे उजवे केले, एकाने पुढच्याच्या टाचेवर पाय दिला. ताशेवाले झांजेला गाठावयास धावले, आणि बासऱ्या मागे उरल्या.

"अहो, ही वरात कुणाची?" प्रेक्षकांतून एकजण ओरडला. "नवरदेव पुढे आणि वऱ्हाड मागे!"

मास्तरांनी शिट्टी फुंकली. ते थेट सगुणापाशी गेले.

"घरीही अशीच वाजवीत होतीस?"

"व्हय, सर."

"तीन आठवडे?"

 सगुणाने खाली पाहिले. मास्तरांनी हात पुढे केला आणि झांज काढून घेतली. "संचलनाला दहा दिवस आहेत. एवढ्यात ही खोड मोडणे कठीण. यंदा झांज राखीव वादकाकडे." मग ते बाईंकडे वळले.

"रणधीरचा यात काय दोष?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या चुकीने त्याची चाचणी वाया जाऊ नये. त्याला पुन्हा संधी द्या."

"मान्य," मास्तर म्हणाले. "रणधीर, पुन्हा दंड उचल."

रणधीर दंड घेऊन उभा होता. तो केवळ उचलावयाचा होता. बँड सिद्ध होता, रस्ता मोकळा होता, आणि कोणी त्याच्याकडे बोट दाखवीत नव्हते. सगुणासुद्धा नाही. ती रांगेतून बाहेर पडून रिकाम्या हातांनी उभी होती; ते हात कोठे ठेवावेत हे तिला समजत नव्हते.

फोनवर जी झांज बरोबर ऐकू येत होती, ती येथे आधी वाजली. मग फोनवर जी मागे पडत होती, ती येथे कशी वाजली असती? रणधीरला उत्तर सापडावयास फार वेळ लागला नाही.  आता बोललो तर दंड जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होते. न बोललो तर कोणालाच काही कळणार नव्हते.

त्याने दंड खाली टेकविला.

"सर, सगुणा चुकली नाही. ती बरोबर वाजवत होती. तिचा आवाज मला उशिरा ऐकू यायचा, म्हणून मीच तिला आधी वाजवायला लावले."



"हे तुला कधी कळले?" मास्तरांनी विचारले.

"आत्ता, सर." रणधीर थांबला. एवढ्यावर थांबणे सोयीचे होते. पण ते पुरेसे खरे नव्हते. "पण तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. मी सगळ्यांसमोर तिची थट्टा केली."

मास्तर सगुणाकडे वळले. "मग पोरी, तू बरोबर होतीस तर त्याचे का ऐकलेस? तुझे कान काय गहाण होते?"

"मला माझं बरोबर वाटत हुतं, सर," सगुणा हळूच म्हणाली. "पण दंड दादाच्या हातात हुता."

 मास्तरांनी झांज सगुणाला परत दिली.

"रणधीर, तू खरे बोललास, याचे मला समाधान आहे. पण खरे बोलल्याने बिघडलेला ताल आपोआप नीट होत नाही. यंदा दंड तुझ्या हाती देता येणार नाही. तुझी जागा मोठ्या ढोलावर. आणि हिचा हात तू बिघडविलास, तो नीट करणेही तुझ्याचकडे."

तस्नीमची चाचणी झांज न वाजविता झाली. तिने दंड फारसा उंच उडविला नाही. पण बासऱ्या आणि बिगुल एका श्वासात चालले. दंड तिला मिळाला. रणधीरने टाळ्या वाजविल्या. त्या वाजविताना त्याला फार सुख झाले असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरण्यापूर्वी तो ढोल घेऊन पटांगणावर आला. सगुणा आधीच आलेली होती.

"आता कुणाचं ऐकायचं, दादा?" तिने विचारले.

"तुझ्या पायाचे," रणधीर म्हणाला. "तू चाल आणि वाजव. मी तुझ्या मागून येतो."

पहिल्या दिवशी झांज पावलाच्या पुढे धावली, चौथ्या दिवशी कधी पुढे तर कधी बरोबर पडली. एकदाही रणधीरने "आधी" किंवा "मागे" असा शब्द उच्चारला नाही. तिचे पाऊल पाहून तो ढोलावर टिपरू टाकी. नवव्या दिवशी झांज, ढोल आणि डावे पाऊल ही तिन्ही एका क्षणी पडली. सगुणाने मागे वळून पाहिले. रणधीर हसला, आणि न थांबता पुढचा ठोका टाकला.

तात्पर्य: ज्याच्या हाती अधिकार असतो, त्याचा चुकीचा शब्दही इतरांना खरा वाटतो; म्हणून दुसऱ्याची चूक काढण्यापूर्वी त्याने आपलेच कान तपासावेत, आणि आपल्यामुळे कोणी चुकले असेल तर ती चूक बोलून स्वीकारावी व राबून निस्तरावी.