बोटभर तांदळाची चोरी

“बोटभर तांदूळ कुठे गेला?” राजा चंडसेन गरजला.

गडाखालच्या कोठीत कोठीवाले दिगंबरपंत रोज काठोकाठ पायली भरत, वर फडकं बांधून शिक्का मारत. बैलगाडी खडकाळ वाटेनं तीन कोस चढून वर येई. शिक्का शाबूत, फडकं शाबूत, पण पायली बोटभर रिकामी! आणि चोर कोण? अर्थातच स्वयंपाकी गोंदबा. गरिबाला चोर ठरवायला पुरावा लागतो थोडाच!

“महाराज, एकदा तोलून पाहा,” गोंदबा हात जोडून म्हणाला.

“तराजू? ते वाण्याचं खेळणं! राजाची पायली खोटं बोलत नाही. तोडा याचा हात!”

“थांबा!” गोंदबाची लेक तुळजा पुढे आली. “चोरी झालेलीच नाही.”

पंत फिसकन हसले. “ऐका! चूल फुंकणारी मला माप शिकवणार!”

राजाही हसला. “ठीक आहे पोरी. एकही दाणा न घालता ही पायली काठोकाठ भर. जमलं तर बाप सुटेल.”

दरबार खिदळला. अशा दरबारांना तेवढंच येतं.

तुळजानं बाह्या दंडापर्यंत सारल्या. तांदूळ सुपात ओतला आणि हलक्या हातानं धार धरत पुन्हा पायलीत सोडला. पायली काठोकाठ भरली!

“जादूटोणा!” पंत किंचाळले.

“जादू कसली, पंत? महाराज, आता ही पायली आपणच पाच वेळा जमिनीवर आपटा.”

राजानं आपटली. धप्, धप्, धप्! तांदूळ दबत दबत बोटभर खाली बसला.

“बैलगाडी रोज हेच करते,” तुळजा म्हणाली. “पंत घाईत सैल भरतात, तेव्हा आपल्या भाताची पेज होते. ठोकून भरतात, तेव्हा भात कच्चा राहतो. पाणी तेवढंच, पायली तीच, तांदूळ मात्र कमीजास्त! खरं काय ते फक्त त्या वाण्याच्या खेळण्याला कळतं.”

राजा पायलीत डोकावतच राहिला.

“तर महाराज, बोटभर तांदूळ या वेळी आपल्याच हातून गेला. आता हात कुणाचा तोडायचा?”

दरबार गारठला. राजानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटला!

“गोंदबाला सोडा! कोठीच्या किल्ल्या या पोरीला द्या, आणि मुदपाकखान्यात मोठा तराजू टांगा!”

“आणि मी, महाराज?” पंतांनी चाचरत विचारलं.

“तुम्ही? तुम्ही रोज गोंदबासमोर तांदूळ तोलायचा!”