बिनकपाळाची तसबीर

रावजीशेठ कासारांनी एका जुन्या सिनेमाची सीडी काढली आणि त्यातल्या नाचणारणीचे पायच कापले!

ही नाचणारीण म्हणजे पारूबाई सुतारांची आई. तरुणपणी तिने ‘घुंगराची आण’ या एकाच बोलपटात काम केलं होतं, तेही एका लावणीपुरतं. आता वय चौऱ्याऐंशी. नजर दिवसेंदिवस जात होती. जे बघायचं ते वर्षाच्या आत बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून सीडी आल्याचं कळताच पारूबाईंनी ती त्याच दिवशी आणली आणि आईला टीव्हीपुढे बसवलं. लावणी सुरू झाली. कंबर लचकत होती, हात फिरत होते, चाळांचा आवाजही येत होता. पण गुडघ्याखाली काही नव्हतंच.

"अगं, माझं पाय कुठं गेलं?" म्हातारी म्हणाली. "साठ वर्सं लेकी-नातींस्नी त्या पायांचं सांगत आले, आणि ह्या मेल्यानं कंबर तेवढी ठेवली?"

पारूबाईंना हसू आलं आणि मागोमाग रडूही आलं.

कोल्हापुरात तसबिरींना चौकटी करण्याचं त्यांचं दुकान होतं, आणि जुन्या मराठी सिनेमांच्या सीड्या जमवायचा नाद. त्यामुळे शेठच्या ‘गजलक्ष्मी व्हिडिओ’ची करणी त्यांना पाठ होती. ओठ आधी हलायचे, शब्द मागाहून यायचे. पाच गाण्यांतली तीन उरायची. कंपनीच्या शिक्क्यातला हत्ती नायिकेच्या गालावर ठाण मांडून बसायचा. तक्रार केली की शेठ लगेच सीडी बदलून देत, आणि बदलून मिळे ती तशीच दुसरी! आजवर पारूबाईंनी सगळं सोसलं होतं. या वेळी मात्र त्या पदर खोचून थेट शेठच्या ऑफिसात गेल्या.

"पारूबाई, जुना सिनेमा चौकोनी," शेठ समजावू लागले. "आताचं टीव्ही आडवं. हाय तसा लावला तर दोन्ही बाजूंनी काळं राहतंय. लोक फोन करत्यात, अर्धा टीव्ही रिकामा दिसतोय म्हणून. मग आम्ही चित्र मोठं केलं. कसा गच्च भरलाय बघा."

"आणि वरची डोकी? खालचं पाय?"

"थोडं इकडंतिकडं हुतंयच. चित्र पुरं हाय."

"पुरं न्हाई, शेठ. गोदामातलं मूळ रीळ काढा, दावते."

शेठचा स्वभाव असा, की एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. "रीळ निघणार न्हाई," ते म्हणाले. "रीळ न बघता, टीव्ही न लावता, ‘चित्र अपुरं हाय’ असं माझ्या तोंडून वदवा. दसऱ्याच्या आत वदवलंत, तर अख्खा सिनेमा नव्यानं काढीन. न्हाईतर तक्रार घेऊन पुन्हा ह्या दारात यायचं न्हाई."

आपलं तोंड आपल्याच ताब्यात, मग हरायचं कसं? शेठ मनातून खूश झाले. त्याच खुशीत त्यांनी एक कामही सांगून टाकलं. खंडेनवमीला त्यांच्या कारखान्यात यंत्रांची पूजा होई. पहिला मान मात्र तात्यांचा, म्हणजे शेठच्या दिवंगत वडिलांचा. तसबिरीला हार घालायचा, कपाळाला गंध लावायचं, मगच यंत्रांकडे वळायचं. तात्यांच्या तसबिरीची काच नेमकी फुटली होती.

"ह्या बारीला मोठी तसबीर करा. यंत्रामागची भिंत आडवी हाय, तिच्या मापाची चौकट घ्या. भिंत भरून दिसली पाहिजे. कडंला रिकामं राहिलेलं मला खपायचं न्हाई."

पारूबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "अगदी भरून देते."

खंडेनवमीच्या सकाळी पारूबाईंनी तसबीर कापडात झाकून आणली आणि स्वतः उभं राहून भिंतीवर टांगून घेतली. कामगार जमले. झेंडूचे हार आले, नारळ आला. शेठ बोटाला गंध घेऊन पुढे झाले. कापड बाजूला झालं आणि शेठचं उचललेलं बोट तसंच राहिलं.

भिंतभर तात्याच होते. शिसवी चौकटीत भुवयांपासून कोटाच्या तिसऱ्या गुंडीपर्यंत. मिशा हातभर लांब झाल्या होत्या. फेटा नाही, कपाळ नाही. शेठनी बोट डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. भुवईच्या वर थेट लाकूड.

"पारूबाई, तात्यांचं कपाळ कुठाय?"

"माझ्या घरी हाय. मूळ फोटो कपाटात जपून ठेवलाय. हा स्टुडिओतनं मोठा करून आणला. फोटो उभा, चौकट आडवी. भिंत भरायची म्हटल्यावर थोडं इकडंतिकडं हुतंयच."

"थोडं? सबंध फेटा गेला! जन्मात तात्या कधी बिनफेट्याचं चौकात गेलं न्हाईत. गंध काय मिशीला लावू? चित्र अपुरं हाय हे!"

मागे कुणीतरी खुसकन हसलं. पारूबाई गरीब गाईसारख्या उभ्या होत्या. "शेठ," त्या म्हणाल्या, "रीळ काय बघितलं न्हाई. टीव्ही पण लावला न्हाई."

शेठ हट्टी होते, बहिरे नव्हते. आपलं वाक्य त्यांना नीट ऐकू आलं होतं. पण एका फटक्यात हार मानतील तर ते शेठ कसले?

"अख्खा फोटो बसवला, तर दोन्ही कडंला रिकामं राहील. त्याचं काय?"

"राहू द्या की. गंध कपाळाला लावत्यात शेठ, भिंतीला न्हाई."

शेठनी बोटावरच्या गंधाकडे बघितलं आणि ते पोट धरून हसू लागले. ते हसले म्हटल्यावर सगळा कारखाना हसला. "तात्या असतं तर मला हितंच एक ठेवून दिली असती," शेठ डोळे पुसत म्हणाले. मग माणूस धाडून त्यांनी अख्खे तात्या मागवले, कपाळाला गंध लावलं, आणि पूजा आटोपताच गोदामाचं कुलूप काढायला लावलं. यापुढे पारूबाईंनी पाहून होकार दिल्याशिवाय गजलक्ष्मीची एकही सीडी बाजारात जाणार नाही, हेही तिथेच ठरलं. त्या कामाचा पगार वेगळा.

दिवाळीत नवी सीडी घेऊन शेठ स्वतः पारूबाईंच्या घरी आले, म्हातारीसाठी इरकली लुगडंही आणलं. म्हातारी टीव्हीला नाक लावून बसली. लावणी सुरू झाली. पाय दिसले, चाळ दिसले, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. संपल्यावर तिने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला तिच्या कपाळावर आठी पडली.

"दुसऱ्या कडव्यात ठेका चुकलाय माझा," ती शेठच्या कानाशी लागून म्हणाली. "तेवढ्यापुरतं पाय कापता येत्यात का बघा की."

शेठना हसता हसता ठसका लागला. "आजी, आता कात्री माझ्या हातात न्हाई. लेकीला विचारा!"