पटाबाहेरची वस्ती

खूप जुनी गोष्ट आहे. एका नगरात एक मोठा कापडी पट होता. राजाच्या आजोबांनी त्यावर सगळे नगर भरतकामाने काढून घेतले होते. तांबड्या दोऱ्याचे रस्ते, हिरव्या दोऱ्याची वैद्यांची घरे, आणि जिथे विहीर हवी तिथे निळ्या दोऱ्याची गाठ. नगर कसे वाढावे आणि कुणाला काय मिळावे, ते या पटावरून ठरे. गाठ असली तर विहीर खणायची, नसली तर नाही.

पट प्रधानाच्या ताब्यात असे. प्रधान माणूस वाईट नव्हता. पटाला तो वेळच्या वेळी ऊन दाखवी, त्याला कसर लागू देत नसे. पण पट जपता जपता नगराकडे बघायचे त्याच्याकडून राहूनच गेले.

आजोबा गेले, वडील गेले. नगर वाढत राहिले. ओढ्यापलीकडे वीटभट्टीवाले, रंगारी, मजूर येऊन राहिले. त्यांच्या विटांनी नगरातली घरे उभी राहिली. त्यांच्या वस्तीत मात्र ना विहीर, ना वैद्य, कारण पट ओढ्यापाशी संपत होता.

राजाला चैन पडेना. गच्चीवर गेला की त्याला ओढ्यापलीकडे चुलींचा धूर दिसे. त्याने प्रधानाला विचारले, "तिकडे कोण राहतं?"

प्रधानाने पट उलगडला, त्यावर बोट फिरवले आणि सांगितले, "कुणी नाही, महाराज."

तेव्हापासून राजाच्या येरझारा सुरू झाल्या. जेवता जेवता उठून तो गच्चीवर जाई आणि धूर मोजी. काल शंभर चुली होत्या, आज एकशे दहा. आजोबांच्या पटाला हात कसा लावावा हे त्याला कळेना, आणि धूर काही दिसायचा थांबेना.

उन्हाळ्यात ओढा आटला. पलीकडच्या वस्तीतून गोधड्या शिवणारी एक बाई दरबारात आली.

"सरकार, माजी सून सात महिन्यांची पोटुशी हाय. डबक्यातलं पानी पिते. त्या कापडावर एक निळी गाठ मारा, येवढंच मागनं हाय."

प्रधान म्हणाला, "बाई, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पट ओढ्याशी संपतो. गाठ काय हवेत मारू?"

दरबाराने माना डोलावल्या. म्हणीपुढे कोण बोलणार?

बाई बोलली. "खरं हाय. पर लेकरू वाढलं की आमी गोधडीला पट्टी जोडतो, प्रधानजी. लेकराचे पाय न्हाई कापत."

राजा ताडकन उठला. आता हा काहीतरी करणार, असे सगळ्यांना वाटले. पण तो खिडकीपर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "दसऱ्याला पाहू." इथे मला या राजाचा फार राग येतो. न कळणाऱ्याला समजावता येते. कळून गप्प बसणाऱ्याचे काय करायचे?

पंधरा दिवसांत वस्तीत ताप आला. वैद्य तिकडे जाईनात, कारण पटावर वस्तीच नव्हती. तापाला मात्र पट वाचता येत नव्हता. तो विटांच्या गाड्यांबरोबर ओढा ओलांडून पेठेत शिरला आणि पेठेतून प्रधानाच्या घरात गेला. प्रधानाचा नातू अंथरुणाला खिळला. आता वैद्य म्हणू लागले, "पलीकडचं पाणी सुधारल्याशिवाय इकडचा ताप हटायचा नाही."

तेव्हा कुठे राजाने पट काखेत मारला आणि तो वस्तीकडे चालत निघाला. प्रधान मागोमाग होता. बाई दारात बसली होती.

राजाने पट तिच्यापुढे ठेवला. "माझं चुकलं. याला पट्टी जोडून द्या."

बाई उठली. घरात जाऊन तिने एक हिरवे लुगडे आणले, त्याची रुंद पट्टी फाडली आणि सुई ओवली. तिने ओढ्याच्या काठापासून पट्टी जोडली, वस्तीच्या जागी निळी गाठ मारली. दुसऱ्या बाजूचा काठ मात्र तिने तसाच मोकळा ठेवला.

"हा काठ का नाही मुडपला?" प्रधानाने विचारले.

"अजून मानसं येतील की."

राजाने पट्टीवरून हात फिरवला. "कापड अगदी नवं दिसतंय. कुणाचं?"

"सुनेचं," बाई म्हणाली. "डोहाळजेवणाला घेतलं हुतं. येकदाच नेसली."

त्या आठवड्यात वस्तीत विहीर खणली गेली. प्रधानाचा नातू वाचला. पुढे दरवर्षी प्रधान स्वतः पट घेऊन वेशीबाहेर जाई, नवी घरे मोजी आणि पट्टी जोडून घेई; ती म्हण मात्र त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकली नाही.

तात्पर्य : नगर वाढते तसा त्याचा आराखडा वेळेवर वाढवावा, उशीर झाला तर त्याची किंमत आराखड्याबाहेरच्या माणसांना जिवाने मोजावी लागते.