म्हाळूचा गोड डायनासोर

घाटमाथ्यावरच्या एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा रंगारी होता. हात सोन्याचा, डोकं मात्र रिकामं. सांगाल ते करायचा. अगदी सांगाल तेच.

त्याच गावात बानूबाई या पारशी बाईंचं गोळ्यांचं दुकान होतं. इंग्रजांच्या पोरांसाठी बाईंच्या आजेसासऱ्यांनी थाटलेलं. बरण्यांत अजून त्याच गोळ्या. लिमलेटच्या हिरव्या, पेपरमिंटच्या पांढऱ्या, जेलीची लाल बाळं, ज्येष्ठमधाच्या काळ्या दोऱ्या. म्हाताऱ्या यायच्या, एक गोळी गालात धरायच्या आणि लहानपण आठवून डोळे पुसायच्या. पोरं मात्र फिरकत नव्हती. असंच चाललं तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

बाईंनी म्हाळूला बोलावलं.

"डिकरा, पोरांना डायनासोर लई आवडते. या गोळ्यांतून मला एक मोठा डायनासोर काढून दे."

"तो कसा असतो?"

"घराएवढी पाल समज."

म्हाळूनं बाही सारली आणि बरणीत खांद्यापर्यंत हात घातला. एक बरणी उपसली, दुसरी उपसली. दुकानभर गोळ्याच गोळ्या.

"बाई, तळ गाठला. पालीचं पिल्लूसुद्धा नाही."

"अरे गाढवा, काढायचं म्हणजे भिंतीवर काढायचं!"

"अस्सं होय!"

म्हाळू घरी गेला. त्याची बायको रखमा म्हणाली, "अहो, घसा कोरडा पडलाय. आडातून जरा पाणी काढा."

म्हाळूनं ब्रश घेतला आणि भिंतीवर झकास पाणी काढलं. लाटांसकट.

रखमानं कपाळ बडवलं. "भांडं भरून हातात द्यायचं असतं हो!"

"अस्सं होय!"

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या भिंतीवर डायनासोर उभा राहिला. पाकानं चिकटवलेले पेपरमिंटचे दात, दोऱ्यांची शेपटी, पाठीवर जेलीची बाळं घोडा घोडा खेळतायत. बानूबाई हरखून बघतच राहिल्या. लिमलेट विरघळवून रंग केला होता, तिकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आता पोटाला हिरवा रंग दे."

म्हाळूनं पेला भरून बाईंच्या हातात दिला. बाईंची नजर डायनासोरवर. गटागटा प्यायल्या. ओठ हिरवे, दात हिरवे.

"मला काय देतो? जे द्यायचं ते डायनासोरला दे!"

"अस्सं होय!"

तिसऱ्या दिवशी रखमानं डबा दिला. "बाईंना एवढं पिठलं द्या." म्हाळूनं ते थेट डायनासोरच्या तोंडावर थापलं. बाई पुसता पुसता घामाघूम झाल्या.

"आता डोकं चालवू नको, बाबा! मी सांगेन तेवढंच कर."

"अस्सं होय!"

बाजाराचा दिवस उजाडला. डायनासोर बघायला पोरांची झुंबड उडाली. बाई आत वळता वळता म्हणाल्या, "म्हाळू, मी चहा टाकते. तोवर मुलांना खाऊ दे."

म्हाळू हादरला. डायनासोरला मुलांना खाऊ द्यायचं? एवढीएवढीशी पोरं! त्याचे डोळे भरून आले. पण बाईंचा हुकूम. त्यानं पुढच्या पोरीला उचललं आणि डायनासोरच्या जबड्याशी धरलं.

"खा बाबा. लवकर आटप."

आणि डोळे गच्च मिटले.

'खा' म्हटल्यावर पोरगी थांबते होय? कटकन दात वाजला.

"मला पण! मला पण!" पोरं ओरडली. म्हाळू रडत रडत एकेकाला उचलत राहिला.

चहा घेऊन बाई बाहेर आल्या. भिंत कोरी. पोरांच्या जिभा हिरव्यागार. कुणाच्या तरी तोंडातून शेपटी लोंबतेय.

"म्हाळू! माझा डायनासोर कुठे?"

म्हाळूनं हळूच एक डोळा उघडला. सगळी पोरं धडधाकट बघून त्याला हायसं वाटलं, आणि मग भारी लाज वाटली.

"बाई, माफ करा. मी एकेक पोर त्याच्या तोंडाशी धरलं हो! पण तोच नेभळट निघाला, पोरांनीच त्याला खाल्लं. पुढच्या वेळी त्याला आधी चार दिवस उपाशी ठेवू!"