कागदाची मागची बाजू

एकदा एका वृद्ध संशोधकाचा थोरला शिष्य धाकट्या शिष्येवर मनातून जळू लागला. संशोधकाला सगळे तात्या म्हणत. थोरल्या शिष्याचे नाव दिगंबर. बारा वर्षे तो तात्यांच्या दप्तरखान्यात मांडी ठोकून बसला होता. कापडी रुमालात बांधलेले जुने मोडी कागद सोडायचे, एकेक कागद कार्डावर उतरवायचा, कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घालायची आणि कार्ड आपल्या कपाटात कुलूपबंद करायचे, असा त्याचा नेम. कार्डे सात हजार झाली होती, लेख मात्र एकही नव्हता. सगळे कागद हाती आल्यावाचून लिहिणे त्याला उथळपणाचे वाटे.

धाकट्या शाल्मलीला येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. कागद आता स्कॅन झाले होते. ती घरी चहा पीत पीत टॅबलेटवर ते वाचे, अक्षर अडले तर इंटरनेटवरच्या अनोळखी जाणकारांना बेधडक विचारे. दुष्काळाच्या सालातल्या सकू नावाच्या विधवेवरचा तिचा लेख गाजला. तात्या आपल्या ग्रंथाचा अखेरचा खंड आता तिलाच लिहायला देणार, अशी कुजबुज सुरू झाली आणि दिगंबराच्या पोटात दुखू लागले. धूळ खाल्ली त्याने आणि नाव झाले हिचे! तो खंड गेला तर बारा वर्षे पाण्यात जाणार होती.

तो हाती पेन्सिल घेऊन तिच्या लेखातल्या चुका काढायला बसला. चौथ्या पानावर घबाड सापडले. 'सकूने भावाकडे आसरा मागितला. त्याचे उत्तर कधी आलेच नाही,' असे तिने लिहिले होते. उत्तर आले होते, आणि ते दिगंबराच्या एका कार्डावर उतरवलेले होते! भावाने ते त्याच पत्राच्या पाठीमागे लिहून परत धाडले होते, आणि स्कॅन करणाऱ्याने मागची बाजू घेतलीच नव्हती. दिगंबराला त्या दिवशी जेवण फार गोड लागले.

दुसऱ्या सकाळी त्याने ते कार्ड शाल्मलीसमक्ष तात्यांपुढे ठेवले. शाल्मलीचा चेहरा उतरला. तात्यांनी कार्ड दोनदा वाचले, कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि हात पुढे केला. "दिगंबर, कपाटाची किल्ली दे."

त्याने किल्ली दिली. तात्यांनी ती शाल्मलीच्या हातावर ठेवली.

"तात्या, चूक तिची आणि शिक्षा मला?" दिगंबराचा आवाज चिरकला.

"तिने मागची बाजू पाहिली नाही, ही तिची चूक. कागद हातात न घेता निकाल देऊ नये, हे ती आज शिकली," तात्या शांतपणे म्हणाले. "पण हे कार्ड नऊ वर्षांपूर्वीचं आहे. त्या बाईला आलेलं उत्तर नऊ वर्षं तुझ्या कुलपात पडून होतं. यंत्राने कागदाची एक बाजू झाकली, तू दोन्ही झाकल्यास. आणि आज कार्ड बाहेर काढलंस ते सकूसाठी नव्हे, या पोरीला खाली पाहायला लावण्यासाठी. विद्येचा असा उपयोग मी तुला शिकवला नव्हता."

दिगंबर मान खाली घालून उभा राहिला. शाल्मलीनेच कार्ड उचलून त्याच्यापुढे धरले. "दादा, तुम्हीच वाचा ना. मला ऐकायचंय."

तो वाचू लागला. "लेकरें घेऊन निघोन येणें. घरीं दाणा थोडा, तरी वाटून खाऊं." शेवटच्या शब्दांवर बोट ठेवून त्याने ते पुन्हा वाचले. हे त्याने स्वतःच्या हाताने उतरवले होते, पण वाचले आज पहिल्यांदाच.

"मग ती गेली का हो भावाकडे?" शाल्मलीने विचारले.

"ठाऊक नाही," दिगंबर म्हणाला. कार्ड खाली ठेवत त्याने पुस्ती जोडली, "रुमाल पुन्हा सोडावे लागतील. दोन्ही बाजू बघत."

"सकूचं पुढे काय झालं ते शोधा," तात्या उठता उठता म्हणाले. "खंड तिथून सुरू करा. दोघं मिळून."

दुपारी दिगंबर कागद उलटून वाचत होता आणि शाल्मली भराभर टाइप करत होती. तिच्या बोटांचा तो वेग पाहून त्याला अजूनही थोडे जळल्यासारखे झाले, पण त्याने पुढचा कागद तिच्याकडे सरकवला.

आपल्याही कपाटात कुणाचे उत्तर पडून आहे का, हे ज्याने त्याने एकदा उघडून पाहावे.