केरबाची शर्यत आणि वाडीचं दूध

डोंगराच्या पोटाशी शिसवली नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा दूधवाला होता. भोळा म्हणजे किती? सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. खरी अडचण तिथंच होती.

रोज पहाटे केरबा सायकलला रिकामे कॅन अडकवून घाट चढायचा, वरच्या वाडीतलं दूध गोळा करायचा आणि आठाच्या आत खाली डेअरीत आणून द्यायचा. त्याची बायको सगुणा मोठी श्रद्धेची. सोमवार, चतुर्थी, एकादशी, एकाही वारी तिनं देवाला उपाशी ठेवलं नव्हतं, स्वतः मात्र पुष्कळदा राहिली होती.

एक दिवस डेअरीचे चेअरमन जयवंतराव म्हणाले, "केरबा, तुझी फेरी आता बंद. शेजारच्या गावचा टेम्पो वाडीचं दूध आणायला तयार आहे."

केरबाचं तोंड उतरलं. सगुणा डेअरीच्या पायरीवर उभी होती. ती पदर सावरत पुढं झाली.

"चेअरमनसाहेब, बारा वर्षं केली हो त्यांनी फेरी. एक संधी द्या."

चेअरमन हसले. भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्या वर्षी गावात डोंगरसायकलींची मोठी शर्यत होती. उजाडताना गावातल्या पटांगणातून निघायचं, तीन घाट, दीडशे किलोमीटर, आणि दिवस मावळायच्या आत त्याच पटांगणात परत यायचं. शहरातली पोरं वर्षवर्ष तयारी करून येणार होती.

"ही शर्यत पुरी करून दाखव, केरबा," चेअरमन म्हणाले. "पहिला नको येऊ. शेवटचा ये. पण वेळेत आत ये. मग फेरी तुझी, गावासमोर शब्द देतो. शर्यतीपर्यंत फेरी चालू ठेव."

केरबा म्हणाला, "समजलं."

केरबा 'समजलं' म्हणाला की सगुणेचे हात आपोआप जोडले जायचे. तसे ते जोडले गेले. घरी येऊन तिनं वाघजाईपुढं दिवा लावला आणि बोलली, "आई, हे वेळेत पोचेपर्यंत दर सोमवारी अळणी जेवीन. पोचले की पाच सवाष्णी जेवू घालीन. त्यांना पाय दिलेस भक्कम. डोक्याचं तू बघ."

गावात दळवी मास्तर होते, शाळेत खेळ शिकवायचे. त्यांनी स्वतःची गियरची सायकल केरबाला दिली आणि त्याला समोर बसवलं.

"केरबा, तुला वेगळी तयारी करायला सवड नाही. रोजच्या कामातच तयारी घालायची. चढताना सायकलवर वजन हवं, त्यानं मांड्या भरतात. उतरताना सायकल हलकी हवी."

"समजलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे केरबा डेअरीत गेला. टँकरची वाट बघत भरलेले कॅन ओट्यावर मांडून ठेवले होते. त्यातले दोन त्यानं सायकलला अडकवले आणि धापा टाकत घाट चढला. वर पोचला. आता उतरताना हलकं व्हायला हवं. मग तो घरोघर गेला आणि दारादारात दूध ओतून आला. वाडीतल्या बायांना वाटलं, सरकारनं काहीतरी योजना काढली. एकीनं अंगठा कुठं उठवायचा ते विचारलं. केरबा रिकामे कॅन वाजवत, शीळ घालत खाली आला.

चेअरमन डेअरीच्या दारात उभे होते. "दूध कुठाय?"

"वर पोचवलं."

"अरे, वरचं दूध खाली आणतात की खालचं वर नेतात? नीट ऐक. जाताना रिकामं न्यायचं, तिथं भरायचं आणि येताना भरलेलं जसंच्या तसं खाली आणायचं. एक थेंब कमी होता कामा नये!"

"समजलं."

पुढच्या रविवारी मास्तरांनी त्याला सरावाला मोठ्या घाटात पाठवलं. ऊन रणरणतं. बरोबर पाण्याची मोठी बाटली दिली. दुपारी तीनला केरबा परत आला आणि दारातच आडवा झाला. ओठ सुकून पापड झाले होते. सगुणा धावत आली. बघते तर बाटली तोंडापर्यंत भरलेली.

"अगं बाई! पाणी असून प्याला नाहीत?"

केरबा कसाबसा बोलला, "रिकामी नेली. वरच्या झऱ्यावर भरली. येताना जशीच्या तशी आणली. मोजून बघ, थेंब कमी नाही."

सगुणेनं डोळ्यांना पदर लावला. रडायला की हसायला, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं त्याला चमच्याचमच्यानं गुळपाणी पाजलं.

मास्तर आले, त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, तहान लागायची वाटच बघायची नाही! दर वीस मिनिटांनी पाणी प्यायचं. कुठं आहेस, कोण बघतंय, काही विचार करायचा नाही. समोर असेल ते पाणी प्यायचं." आणि त्यांनी केरबाच्या मनगटावर दर वीस मिनिटांनी वाजणारं घड्याळ बांधलं.

"समजलं."

त्याच आठवड्यात चेअरमनांच्या घरी सत्यनारायण होता. सगुणेनं ठरवलं, जाऊन हात जोडायचे, म्हणजे चेअरमनांच्याही मनात जरा माया येईल. दोघं गेले, पुढंच बसले. गुरुजींनी पहिला अध्याय सुरू केला. घड्याळ वाजलं. केरबा उठला आणि पळी-पंचपात्रातलं पाणी पिऊन बसला. गुरुजी अडखळले, पण वाचत राहिले. दुसऱ्या अध्यायाला घड्याळ वाजलं. केरबानं तीर्थाचं भांडं संपवलं. तिसऱ्या अध्यायात राजानं साधुवाण्याचं सगळं धन काढून घेतलं आणि इकडं चेअरमनांच्या पुढ्यातला तांब्या रिकामा झाला. सगुणा त्याचा सदरा ओढत होती. "अहो, बसा की! लोक बघताहेत!"

"कोण बघतंय त्याचा विचार करायचा नाही," केरबा कुजबुजला.

चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नाव पाण्यात बुडाली आणि इकडं केरबानं नारळ अलगद बाजूला ठेवला, कलशातलं पाणी प्याला आणि नारळ पुन्हा जागच्या जागी ठेवला. वर कलशाला नमस्कारही केला. पाचव्या अध्यायाला सगळ्यांनी आपापली भांडी मांडीत धरली होती.

पूजा आटोपून दोघं घरी निघाले. दारात पोचल्यावर सगुणा म्हणाली, "अहो, चार माणसांत असं आधी आपण घेऊ नये. जे असेल ते आधी सगळ्यांना वाटावं. सगळ्यांना पुरलं का ते बघावं. उरलं तर आपण घ्यावं."

"समजलं."

"तुम्ही तेवढं समजलं म्हणू नका हो," सगुणा म्हणाली. पण म्हणेपर्यंत तो म्हणून झाला होता.

शर्यतीचा दिवस उजाडला. सगुणेनं आदल्या दिवशी शेंगदाण्याचे एकतीस लाडू वळले होते. साजूक तूप, गूळ, वरून जायफळ. दिवसभर पुरावेत म्हणून मोजून एकतीस. केरबाला कुंकवाचं बोट लावून ती म्हणाली, "वेळेत या. बाकी मला काही नको."

शिट्टी वाजली. वीस सायकली निघाल्या. शहरातल्या पोरांच्या अंगावर झगझगीत कपडे, डोळ्यांवर गॉगल. केरबाची विजार पायाशी सुतळीनं बांधलेली. पण रोज चाळीस लिटर दूध घेऊन घाट उतरणारा माणूस तो. पहिल्या घाटाच्या माथ्यावर सगळ्यांबरोबरच पोचला. तिथं वडाखाली पाणी द्यायला माणसं बसली होती. भूक लागली म्हणून केरबानं लाडवांचा डबा उघडला. आणि त्याला आठवलं.

त्यानं आधी एकोणीस गड्यांना एकेक लाडू दिला. मग पाणी देणाऱ्यांना, मग शेळ्या चारणाऱ्या आजीबाईंना. पुरलं का म्हणून प्रत्येकाला विचारलं. नाही पुरलं म्हणणाऱ्यांना आणखी दिला. शेवटी डबा झाडून तो उपाशीच सायकलवर बसला. शहरातली पोरं मात्र सावलीत लाडू चघळत, बोटं चाटत बसली. "काय तूप आहे रे!" म्हणत एक तर आडवाच झाला. केरबा त्या सगळ्यांच्या पुढं निघून गेला आणि त्याला कुणी मागून गाठलंच नाही.

दुसऱ्या घाटात एका मावशीनं त्याचा चेहरा बघून हातावर भाकरी नि ठेचा ठेवला. खाणारे दोघंच होते. त्यानं मावशीला अर्धी दिली, उरलेली आपण खाल्ली. पाणी वीस मिनिटांनी प्याला. सगळं बरोबर चाललं होतं.

तिसऱ्या घाटाच्या तोंडाशी जंगलाचं फाटक लागलं. आडवा बांबू लावलेला होता. केरबा खाली वाकून सायकलसकट पलीकडं सरकला. फाटकवाला ओरडत खोपटातून बाहेर आला.

"ए शहाण्या! आडवं लावलेलं दिसत नाही? घुसतोस कसा? आडवं काही असलं की थांबायचं. आतल्या माणसानं उचललं की मगच आत यायचं. आणि गेल्यावर पुन्हा होतं तसं लावायचं. जनावरं शिरतात!"

केरबा परत मागं गेला, थांबला, फाटकवाल्यानं बांबू उचलला, केरबा आत आला, बांबू पुन्हा लावला.

"समजलं," तो म्हणाला.

इकडं पटांगणात अख्खा गाव जमला होता. दोन खांबांना लाल फीत आडवी बांधली होती. चेअरमन खुर्चीवर, मास्तर उभे, सगुणा वाघजाईचं नाव घेत खांबाशी. ऊन कलायला लागलं आणि वळणावर पहिली सायकल दिसली.

"केरबा! अरे, आपला केरबा!" मास्तर नाचायलाच लागले. ढोल वाजला. मागं कुणाचाही पत्ता नव्हता. केरबा वाऱ्यासारखा आला. फितीजवळ आला. आणि फितीच्या वीतभर अलीकडं करकचून ब्रेक दाबून उतरला.

"उचला," केरबा म्हणाला.

"काय उचला? ये की आत!" मास्तर ओरडले. "छातीनं तोड ती फीत!"

"तोडू? लोकांचं फाटक?"

"अरे ते फाटक नाही! तुझ्यासाठीच लावलंय!"

"माझ्यासाठी लावलंय, मग मी थांबलोच पाहिजे ना."

चेअरमन खुर्चीवरून म्हणाले, "कुणी हात लावायचा नाही. ज्यानं त्यानं आपलं आपण आत यायचं."

सगुणा खांबाला धरून उभी राहिली. अर्ध्या तासानं दुसरा गडी आला आणि छाती काढून फीत तोडून आत गेला. टाळ्या वाजल्या. केरबाला फार वाईट वाटलं. त्यानं फितीची दोन टोकं उचलली, घट्ट गाठ मारली, होतं तसं पुन्हा लावलं आणि परत बाहेर जाऊन उभा राहिला.

तिसरा आला. फीत तुटली. केरबानं बांधली. चौथा आला. केरबानं बांधली. प्रत्येकाला वाटलं आपणच पहिले, प्रत्येकानं दोन्ही हात वर केले. एकोणीस गडी आत गेले, फितीला एकोणीस गाठी बसल्या. सूर्य डोंगराला टेकला. मास्तर डोकं धरून खाली बसले. गाव ओरडून ओरडून बसक्या आवाजाचा झाला.

सगुणा मनात म्हणाली, आई, तू पाय भक्कम दिलेस, ते पोचले. आता उरलेलं मी बघते. ती फितीशी गेली.

"अहो, कुणी सांगितलं थांबायला?"

"फाटकवाल्यांनी. आतल्या माणसानं उचललं की मगच यायचं."

"हात्तिच्या! एवढंच ना?" सगुणा म्हणाली. चेअरमन "अहो बाई, हात..." म्हणेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी फीत डोक्यावर उचलली. "या. उचललं."

केरबा सायकल घेऊन आत आला. सूर्याची कड डोंगरामागं गेली. मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "वेळेत! अर्धं मिनिट बाकी होतं!"

गाव असा हसला की चेअरमनांनाही हसू आवरेना. ते खुर्चीवरून उठले, केरबाच्या पाठीवर थाप मारली. "शेवटचा ये म्हणालो होतो, शेवटचा आलास. फेरी तुझी. पण बाबा, एक ऐक. उद्यापासून दूध आणताना आज जसा गेलास तसंच जायचं. हाच दम, हाच वेग. आजच्यात आणि उद्याच्यात तसूभर फरक दिसता कामा नये."

"समजलं," केरबा म्हणाला.

त्या दिवशी मात्र सगुणेचे हात जोडले गेले नाहीत. तिचं मन पाच सवाष्णींच्या पुरणात होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे केरबा वाडीत गेला. कॅन काठोकाठ भरून घाट उतरला. आठाला दहा मिनिटं असताना डेअरीसमोर आला. चेअरमन खुशीत माप घेऊन उभे. केरबानं त्यांना हात केला आणि वाऱ्यासारखा पुढं निघून गेला.

दुपार झाली. टँकर थांबून थांबून गेला. दिवस मावळता मावळता केरबा तिन्ही घाट करून डेअरीच्या दारात उतरला. घामानं निथळत होता, पण चेहरा समाधानी. चेअरमनांनी झाकण उघडलं. आत खाली ताक होतं आणि वर लोण्याचा भला थोरला गोळा डुलत होता. शब्द गावासमोर दिलेला, परत घ्यायची सोय नव्हती.

"केरबा," चेअरमन रडवेल्या आवाजात म्हणाले, "अरे, दूध कुठाय?"

केरबानं कॅनमध्ये डोकावून बघितलं. मग वळून रस्त्याकडं बघितलं. मग चेअरमनांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, साहेब. दोघं बरोबरच निघाले होते. तिसऱ्या घाटात दुधाचा दम तुटला असेल. लोणी तेवढं माझ्या बरोबरीनं वेळेत पोचलं."